पेपर वाचणारे तेवढे दिसतात

चर्चगेट स्टेशनचा एक कृष्णधवल फोटो आहे, रघु राय यांनी १९९५ साली काढलेला. फलाट माणसांनी गच्च भरलेला आहे, पण माणसं काही दिसत नाहीत. दिसतो तो धूर. पांढुरका, करडा, फलाटभर वाहत चाललेला. कुठे एखाद्या खांद्याची रेघ जाणवते, कुठे डोक्यासारखं काहीतरी, आणि लगेच ते विरूनही जातं. या धुरात, नदीच्या पात्रात खडक असावेत तशी, काही माणसं उभी आहेत. हातात पेपर उघडलेला, नजर पेपरात. ती मात्र लख्ख दिसतात.

लोकलनं प्रवास केलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं आहे. गाडी रिकामी होते, फलाटावरून लोंढा निघतो, आणि त्याच लोंढ्यात कोणीतरी आपल्या गाडीची वाट पाहत, पेपराची घडी सावरत उभा असतो. आपण त्याला वळसा घालून किंवा धक्का देऊन पुढे जातो. पण आपल्या डोळ्यांना चर्चगेटला असा धूर कधी दिसलेला नाही. मग कॅमेऱ्याला तो कुठून दिसला? कॅमेरा एक, उजेड एकच, फलाट तोच, बटणही एकदाच दाबलेलं. मग एक माणूस शर्टाच्या सुरकुत्यांसकट दिसतो आणि त्याच्या शेजारून गेलेले शंभर जण विरून जातात, हे कसं?

हा फोटो मी ज्यांना ज्यांना दाखवला त्यांतल्या बहुतेकांनी हेच विचारलं, की दोन फोटो एकावर एक लावलेत का. तसं काही नाही. एकच फोटो आहे. आणि तो कसा घडतो हे एकदा कळलं, की रस्त्यावरच्या छायाचित्रणातले माझे आणखी तीन-चार आवडते फोटोही त्याच किल्लीनं उघडतात.

पडदा किती वेळ उघडा

फोटो म्हणजे 'क्षण टिपणं' असं आपण सहज म्हणतो. या शब्दानंच घोटाळा केलाय. कॅमेरा क्षण टिपत नाही, तो अवधी टिपतो. फिल्मसमोर एक पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. बटण दाबलं की पडदा उघडतो, प्रकाश आत येतो, पडदा बंद होतो. उघडण्यापासून बंद होण्यापर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात समोर जे जे घडलं ते सगळं एकाच फोटोत साठतं. हा वेळ सेकंदाचा हजारावा भाग असू शकतो, नाहीतर दोन सेकंद, नाहीतर दहा मिनिटं. किती ठेवायचा ते फोटो काढणारा ठरवतो.

सकाळी उंबऱ्यासमोर रांगोळी घालणारा हात आठवा. चिमटीतून पूड सारखी गळते आहे. हात एका जागी धरला तर ठसठशीत ठिपका पडतो. सरकवला तर रेघ उमटते. तोच हात झर्रकन फिरवला तर रेघ इतकी विरळ होते की खालची जमीन दिसत राहते. पूड तेवढीच गळली, पण लांबवर पसरली.

फिल्मवर प्रकाश असाच पडतो. समोरचा प्रत्येक माणूस आपल्याकडचा उजेड भिंगातून फिल्मवर सांडत असतो. पेपर वाचणारा जागचा हलला नाही, म्हणजे त्याचा हात एकाच ठिकाणी राहिला; त्याचा ठिपका ठसठशीत पडला. शेजारून चालत गेलेल्याचा हात फिल्मभर फिरला, त्याची पूड पसरली, विरळ झाली, आणि तिच्यातून मागचा फलाट दिसत राहिला. चर्चगेटचा धूर म्हणजे शेकडो माणसांची अशी पसरलेली, एकमेकांत मिसळलेली रांगोळी.

यात एक अट आहे. कॅमेरा स्वतः जराही हलता कामा नये. तो हलला तर उभा असलेला माणूसही पसरणार, खांबसुद्धा पसरणार, आणि फोटो नुसताच बिघडणार. सगळं वाहतं असताना एक माणूस थांबलेला दाखवायचा, तर आधी कॅमेऱ्यानं थांबायला हवं.

माणूस किती पसरतो

थोडं गणित करू, फार नाही. शहरात कामाला निघालेला माणूस साधारण सेकंदाला सव्वा मीटर चालतो. पडदा सेकंदाचा ५०० वा भाग उघडला, तर तेवढ्यात तो अडीच मिलिमीटर सरकतो. एवढं सरकणं फोटोत कळत नाही. तो गोठल्यासारखा दिसतो. पडदा सेकंदाचा ३० वा भाग उघडा ठेवला, तर तो चारेक सेंटिमीटर सरकतो. आता कडा मऊ पडायला लागतात. पूर्ण एक सेकंद ठेवला, तर तो अख्खा सव्वा मीटर पुढे गेलेला असतो आणि त्याची ओळख पुसली जाते.

इथे एक गंमत आहे, जी मला पुस्तकातून नाही तर फोटो निरखताना कळली. अर्धा-पाऊण सेकंद पडदा उघडा ठेवून काढलेल्या गर्दीच्या फोटोत खाली, जमिनीलगत बघावं. वर माणूस नाहीसा झालेला असतो, पण त्याची चप्पल दिसते. कधी पट्ट्यासकट. कारण चालताना आपलं शरीर सतत पुढे जात असलं तरी पाऊल तसं जात नाही. टेकलेलं पाऊल अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जागच्या जागी असतं, मग उचललं जाऊन पुढे पडतं. म्हणजे चालणाऱ्या माणसाचा थांबलेला भाग पायाशी असतो, आणि कॅमेऱ्याला तेवढाच सापडतो. माणसांशिवाय चाललेल्या चपला एकदा पाहिल्या, की हा हिशेब विसरायला होत नाही.

हीच गोष्ट हातांची. रशियातले छायाचित्रकार अलेक्सेई तितारेंको यांनी १९९२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये वासिलिओस्त्रोव्स्काया मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवरची गर्दी अशीच दीर्घ अवधीत टिपली. सोव्हिएत संघ नुकताच कोसळलेला, दुकानं रिकामी, लोक दिवसभर कशा ना कशासाठी धावत असलेले. फोटोत पायऱ्यांवर काळपट ढग चढतो आहे. पण कठड्यावर मात्र हात दिसतात, घट्ट धरलेले, सुटे सुटे. शरीरं रेटली जात होती, कठडा धरलेला हात क्षणभर तिथेच राहत होता. त्या काळात त्या शहरात कोणी काय भोगलं हे सांगायला मला त्या हातांपेक्षा बोलकं दुसरं काही ठाऊक नाही.

बूट पुसून घेणारा माणूस

थांबलेलाच दिसतो, हे छायाचित्रणाला जन्मापासून ठाऊक आहे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचं चित्र घेतलं. बुलेव्हार द्यू ताँप्ल हा त्या वेळचा वर्दळीचा रस्ता. दिवसाउजेडी, भर वाहतुकीत घेतलेलं चित्र. पण चित्रात रस्ता ओस पडलेला आहे. घोडागाड्या नाहीत, हातगाड्या नाहीत, माणसं नाहीत. फक्त डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक माणूस एक पाय उंचावर ठेवून उभा आहे, आणि त्याच्यासमोर कोणीतरी वाकलेलं आहे. तो बूट पुसून घेत होता.

दागेर यांच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. समजा पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद. आता रांगोळीचा हिशेब लावून बघा. चालणाऱ्या माणसाचं शरीर अर्धा मीटर रुंद धरलं, तर चित्रातल्या एका जागेवरून ते ०.४ सेकंदात निघून जातं. ३०० सेकंदांत ०.४ सेकंद म्हणजे साडेसातशेवा हिस्सा. एवढ्या चिमूटभर पुडीनं काय उमटणार? रस्ताभर माणसं होती, पण पत्र्याच्या लेखी नव्हती. बूट पुसून घेणाऱ्याला मात्र थांबणं भाग होतं. छायाचित्रात आलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. खरं तर नाव कोणालाच ठाऊक नाही. आणि त्याच्या पायाशी बसून, दिवसभर दुसऱ्यांचे बूट चमकवणारा तो दुसरा माणूसही त्याच्याबरोबर इतिहासात आला, हे मला फार आवडतं.

१८३९ च्या मार्च महिन्यात हे चित्र पाहायला एक अमेरिकन गृहस्थ गेले होते: तारायंत्राचे सॅम्युअल मोर्स. त्यांनी भावाला पत्र लिहून कळवलं, की एरवी गाड्या-माणसांनी भरलेला रस्ता चित्रात निर्मनुष्य आहे, एक बूट पुसून घेणारा तेवढा वगळता. हलणारी वस्तू उमटत नाही हे त्यांनी तिथल्या तिथे हेरलं होतं.

मग प्रश्न येतो, की पॅरिसची गर्दी साफ नाहीशी झाली, तर चर्चगेटची धूर होऊन का उरली? अवधी वेगळा म्हणून. पडदा समजा दोनच सेकंद उघडा असेल, तर तोच ०.४ सेकंद एकपंचमांश हिस्सा होतो. एकपंचमांश पूड दिसते; विरळ, पण दिसते. त्यात चर्चगेटला एकामागून एक माणूस त्याच जागेवरून जातो, म्हणजे पुडीवर पूड पडत राहते. अवधी याहून कमी केला असता, तर चेहरे ओळखू आले असते आणि तो रोजच्या गर्दीचा साधा फोटो झाला असता. फार वाढवला असता, तर फलाट रिकामा दिसला असता. शिवाय पेपर वाचणाराही किती वेळ निश्चल राहणार? पान उलटतो, मान वर करून इंडिकेटर बघतो. गर्दी धूर व्हावी आणि वाचणारा हलू नये, एवढाच अरुंद पट्टा हाताशी असतो. रघु राय यांनी तो पट्टा पकडला.

छपराचीही मदत झाली असणार. भर उन्हात पडदा दोन सेकंद उघडा ठेवला तर फोटो पांढराफटक पडेल. स्टेशनच्या आतला उजेड बाहेरच्या उन्हाच्या मानानं फारच मंद असतो, म्हणून तिथे हा सावकाशपणा परवडतो.

जाता जाता एक आठवण करून द्यायला हवी. वेळेशी असा खेळ आपल्याकडे फार आधी झाला आहे, मात्र उलट्या बाजूनं. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी भांडवल मिळवण्यासाठी एक छोटी फिल्म बनवली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरायचा आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करायचं. कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पडद्यावर एका मिनिटाच्या आसपास आणून दाखवली. फाळक्यांनी अनेक चित्रांतून दिवस आटवले. चर्चगेटच्या फोटोत काही सेकंद एकाच चित्रात ओतले आहेत.

दमलेलं गाढवाचं पिल्लू

रघु राय शिक्षणानं स्थापत्य अभियंता. थोरले भाऊ एस. पॉल छायाचित्रकार होते. साठच्या दशकात एकदा रघु राय हौसेनं कॅमेरा घेऊन एका खेड्यात गेले. तिथे गाढवाचं एक पिल्लू दिसलं. ते जवळ गेले की पिल्लू पळे. पुन्हा जवळ जावं, पुन्हा पिल्लू पळे. गावातली पोरं हसत होती आणि तेही इरेला पेटले. शेवटी पिल्लू दमलं आणि थांबलं. मागून येणाऱ्या मऊ उजेडात थकलेल्या पिल्लाचा चेहरा त्यांनी टिपला. भावानं तो फोटो लंडनच्या 'द टाइम्स'ला पाठवला आणि तिथे तो छापून आला. तिथून त्यांची वाट बदलली. १९६६ साली ते 'द स्टेट्समन' मध्ये रुजू झाले, १९७१ साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, आणि ते पाहून प्रभावित झालेल्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारानं पुढे १९७७ साली 'मॅग्नम' या छायाचित्रकारांच्या जगप्रसिद्ध संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं.

पहिल्या फोटोत दमून थांबलेलं पिल्लू, आणि तीसेक वर्षांनी चर्चगेटला पेपर वाचत थांबलेली माणसं. हे दोन फोटो मी नेहमी जोडीनं बघते.

डबक्यावरची उडी

ते ज्येष्ठ छायाचित्रकार म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्यांचा १९३२ सालचा एक फोटो रस्त्यावरच्या छायाचित्रणाची जवळजवळ ओळखच बनला आहे. पॅरिसमधल्या सँ-लाझार स्टेशनच्या मागे पाणी साचलंय. पाण्यात एक शिडी आडवी पडली आहे. टोपी घातलेल्या एका माणसानं शिडीवरून पुढे उडी घेतली आहे. त्याची टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवर एक आकृती तशीच झेप घेते आहे, त्याच्या विरुद्ध दिशेला.

चर्चगेटपेक्षा हा खेळ वेगळा. इथे अवधी लहान हवा. पण किती लहान? उडीतून खाली येताना समजा शरीर २० सेंटिमीटर उतरलं, तर पाण्याजवळ त्याचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर होतो. टाच आणि पाणी यांत अडीच सेंटिमीटर उरल्यापासून टेकेपर्यंत जाणारा वेळ म्हणजे सेकंदाचा ८० वा भाग. आणि आपल्या शरीराची गती काय? डोळ्याला दिसणं, मेंदूला कळणं आणि बोट हलणं यातच सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा खर्च होतो. म्हणजे 'आता' असं दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला तो फोटो मिळूच शकत नाही. त्याचं बोट हलेपर्यंत माणूस पाण्यात आणि शिंतोडे आकाशात.

मग मिळतो कसा? दोरीच्या उड्या आठवा. दोघीजणी लांब दोरी फिरवतायत, तिसरीला आत शिरायचंय. दोरी जमिनीला लागलेली बघून ती निघाली तर दोरी पायात अडकणारच. म्हणून ती आधी बाहेर उभी राहून अंग पुढेमागे झुलवते, ताल अंगात भिनवते, आणि दोरी वर असतानाच पाऊल टाकते. रस्त्यावर फोटो काढणारा हेच करतो. माणूस शिडीवरून चालत आला, शिडी संपली, पुढे पाणी आहे. आता तो एक तर थांबेल नाहीतर उडी मारेल. हे ओळखून बोट आधीच निघालेलं असतं.

या खास फोटोबाबत मात्र खुद्द कार्तिए-ब्रेसाँ नशिबाला श्रेय देत असत. दुरुस्तीच्या कामाभोवती फळ्यांचं कुंपण होतं. त्यांनी फळ्यांच्या फटीतून भिंग आत घातलं होतं, आणि फट भिंगाला पुरेशी नव्हती. म्हणून फोटोची डावी बाजू झाकली गेली आणि ती कापावी लागली. एरवी आपला फोटो कापायला त्यांचा सक्त विरोध असे. हा त्यांच्या अगदी मोजक्या कापलेल्या फोटोंपैकी एक. आणखी एक बारकाई: उडी मारणारा माणूस पूर्ण स्पष्ट नाही, किंचित हललेला आहे. पाणी, शिडी, कुंपण स्थिर. तो मऊपणा नसता तर माणूस हवेत टांगून ठेवल्यासारखा वाटला असता. आता तो खरोखर खाली येतो आहे.

त्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या इयेर गावात काढलेला फोटो माझ्या दृष्टीनं अधिक शिकवणारा आहे. वरून पाहिलेला गोलाकार जिना, त्याचा कठडा वळत वळत खाली जातो, आणि खाली रस्त्याच्या वळणावरून एक सायकलस्वार भुर्रकन निघून जातो. सायकलस्वार पुसट, जिना रेखीव. असा जिना सापडला की निम्मं काम झालेलं असतं. रस्त्यावर पटकथा नसली तरी नेपथ्य आधी सापडतं. मग पात्र येईपर्यंत जागा सोडायची नाही.

१९५२ साली त्यांचं पुस्तक आलं. इंग्रजीत त्याला 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं नाव दिलं गेलं आणि तेच जगभर रूढ झालं. मूळ फ्रेंच नाव वेगळंच होतं. त्यातला 'आ ला सोव्हेत' हा शब्दप्रयोग फ्रेंचमध्ये परवान्याविना माल विकणाऱ्या फेरीवाल्यांसाठी वापरतात. पालिकेची गाडी आली की चादरीची चार टोकं धरून सगळा माल उचलायचा आणि गल्लीत नाहीसं व्हायचं, अशी ती घाई. दादर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या पुस्तकाचं खरं नाव इंग्रजी वाचकांपेक्षा लवकर कळेल. 'निर्णायक क्षण' म्हटलं की एखाद्या सेनापतीची ऐट येते. मूळ नावात लपतछपत, पाय लावून पळण्याच्या तयारीत केलेलं काम आहे.

वाट पाहण्याला एक सोपा पर्याय असतो: माणसांना सांगून करवून घेणं. रोबेर द्वानो यांचा १९५० सालचा पॅरिसच्या नगरभवनासमोरचा चुंबनाचा फोटो घरोघरी पोस्टर होऊन गेला. तो दोघा नाट्यविद्यार्थ्यांकडून करवून घेतलेला होता, हे नव्वदीच्या दशकात न्यायालयातल्या वादातून जगापुढे आलं. फोटो सुंदरच आहे. पण माझ्या आवडत्या फोटोंत मी तो धरत नाही. रस्त्याच्या फोटोकडे बघताना मला काढणाऱ्याचं थांबणंही बघायचं असतं, आणि ते त्यात नाही.

न बघता फोकस

एवढ्या घाईत फोकस कधी करायचा? उत्तर असं, की बरेच जण करतच नाहीत. तो आधीच करून ठेवलेला असतो.

आजी चष्मा न लावता औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचते तेव्हा काय करते? डोळे बारीक करते. फट लहान झाली की आत येणाऱ्या किरणांची पसरट जुडी अरुंद होते आणि जवळचं, लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसायला लागतं. कॅमेऱ्याच्या भिंगातलं छिद्रही असंच लहानमोठं करता येतं. २८ मिलिमीटरचं रुंद भिंग घ्या, छिद्र 'एफ ८' इतकं बारीक करा, फोकस ३.३ मीटरवर ठेवून द्या. आता साधारण १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेऱ्याला डोळा लावायचीही गरज उरत नाही. जुन्या भिंगांवर या अंतरांची पट्टी कोरलेलीच असे.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यानं हे सगळं खिशात आणलं. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म, तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट, एका रिळात ३६ फोटो. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या पट्टीनं झाकत, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

छिद्र बारीक करण्याची किंमत मोजावी लागते. नळ बारीक सोडला तर हंडा भरायला वेळ लागतो. छिद्र बारीक केलं तर पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि मग चालणारा माणूस पसरायला लागतो. सगळं स्पष्ट हवं आणि सगळं गोठलेलंही हवं, हे मंद उजेडात एकदम जमत नाही. कशावर पाणी सोडायचं ते रस्त्यावर उभं असतानाच ठरवावं लागतं.

चौकट : मोबाइलवर करून पाहा

• मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' पर्याय असेल तर शटर अर्ध्या सेकंदावर आणि आयएसओ सर्वांत कमी आकड्यावर ठेवा. दिवसाउजेडी फोटो पांढरा पडेल. दिवेलागणीनंतर मंडईच्या छपराखाली काढा.

• मोबाइल खांबाला, कट्ट्याला घट्ट टेकवा. बोटाचा धक्का लागू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा.

• वाहती गर्दी आणि तिच्यात थांबलेलं कोणीतरी, असं दोन्ही एका चौकटीत घ्या. नुसती गर्दी घेतली तर नुसता धूर मिळेल.

• आयफोनवर 'लाइव्ह फोटो' काढून नंतर त्यात 'लाँग एक्स्पोजर' निवडा. इथे पडदा खरोखर उघडा राहत नाही. सलग घेतलेली अनेक चित्रं एकत्र मिसळली जातात. परिणाम मात्र रांगोळीचाच.

• मग खाली, पायांकडे बघा. चपला सापडतात का?

हात

हे सगळं वाचून झाल्यावर एका पहाटे मी दादरच्या फूलबाजारात गेले. पाच वाजले होते. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, डोक्यावर गाठोडी घेऊन पळणारे हमाल. एक मावशी पोत्यावर मांडी घालून हार ओवत बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंनी माणसांचा ओघ चालला होता आणि त्या काही हलत नव्हत्या. मला हवं होतं ते समोर होतं. "मावशी, फोटो काढू का?" विचारलं. त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि पुन्हा कामाला लागल्या. मी कॅमेरा दुकानाच्या लोखंडी खांबाला टेकवला, पडदा अर्ध्या सेकंदावर ठेवला आणि सात-आठ फोटो घेतले.

एकात सगळं जुळलं. दोन्ही बाजूंनी धूर, मध्ये मावशी. कपाळावरचं कुंकू, नाकातली मोरणी, मांडीवरचा अर्धा झालेला हार, सगळं स्पष्ट. मी खूश होऊन त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तो दाखवला.

मावशींनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "समदं आलं गं. पर माजं हात कुठं गेलं?"

मी बघितलं. मनगटापासून पुढे केशरी धुकं होतं. त्या बसलेल्या होत्या, पण त्यांचे हात क्षणभरही थांबलेले नव्हते. सुई, फूल, दोरा, पुन्हा सुई. अर्ध्या सेकंदात ते गर्दीइतकेच पसरले होते.

मी त्यांना रांगोळीचं सांगितलं, चिमटीचं, पसरलेल्या पुडीचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातली सुई एका झेंडूत अर्धी खुपसून तशीच धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हं. घे आता. पर लवकर, गिऱ्हाईक हाय."